आळेफाट्याची हवा कशी ओळखावी, कशी सांभाळावी

आळेफाटा रात्री जास्त जागा असतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. जुन्नर-आंबेगावचा भाजीपाला वाशीच्या किंवा कल्याणच्या बाजारात पहाटे पोचवायचा तर गाडी इथून दिवस मावळल्यावरच सुटते. कांद्याचे ट्रक, दुधाचे टँकर, गळीत हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या आणि पुणे-नाशिकदरम्यानची जड वाहतूक, सगळं याच चौकातून. डिसेंबर-जानेवारीत नेमक्या याच वेळी हवा जमिनीला धरून बसलेली असते. दुपारी जो धूर हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत जाऊन विरळ झाला असता, तो रात्री शंभर-दोनशे मीटरच्या थरात कोंडून राहतो. धूर तेवढाच असतो, पण आपल्या छातीत जाणारा वाटा कितीतरी पटींनी वाढतो.

म्हणून इथली हवा सांभाळायची तर धूर कमी करायला हवाच. पण कुणाच्या परवानगीशिवाय, उद्या सकाळपासून करता येईल अशी गोष्ट म्हणजे धुराची वेळ बदलणं. त्यासाठी आपली जमीन, आपला वारा आणि आपले ऋतू ओळखता आले पाहिजेत. पावसासाठी आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याला हे जड नाही. तीच नजर धुराकडे वळवायची आहे.

आधी जागा समजून घ्या

पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातली माळशेजची खिंड. वायव्येला हरिश्चंद्रगड, तिथून निघालेली डोंगररांग आग्नेयेकडे उतरत जाते. रांगेच्या पलीकडे, बोटा-घारगावकडचं पाणी मुळेला मिळून गोदावरीत जातं. अलीकडचं पाणी कुकडीत, कुकडीचं घोडेत आणि घोडेचं भीमेत. या दोन खोऱ्यांच्या दुभाजकाच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचीवरच्या मोकळ्या रानात आळेफाटा वसला आहे. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. इथे येईपर्यंत ढग बरेचसे रिकामे झालेले असतात, आणि बेल्हे-आणे पठाराकडे सरकावं तसं रान आणखी कोरडं होत जातं.

हवेच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात. वर्षातले सात-आठ महिने माती कोरडी असते, त्यामुळे धूळ ही इथली कायमची सोबतीण. दुसरा परिणाम कमी जणांच्या लक्षात येतो. हिवाळ्यात रात्री डोंगरउतारावरची हवा लवकर थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली येऊन ओढ्यांत, सखल रानात आणि कुकडीच्या काठाला साचते. तिच्याबरोबर वाटेतला धूरही खाली येतो. म्हणून उंचवट्यावरच्या वस्तीत सकाळी मोकळं वाटतं आणि त्याच वेळी ओढ्याकाठच्या वस्तीत डोळे चुरचुरतात. दोघांचं गाव एक, हवा वेगळी.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं आहे. एका कागदावर चौक काढा आणि चार रस्ते दाखवा: पुण्याकडचा, नाशिककडचा, माळशेजकडचा, अहिल्यानगरकडचा. मग तुमचं घर, मुलांची शाळा, जवळचा ओढा, कचरा टाकायची किंवा पेटवायची जागा, आसपास असतील त्या वीटभट्ट्या, खडी क्रशर, पोल्ट्री आणि सुटं रान मांडा. आता दोन बाण काढा. एक उगवतीकडून येणाऱ्या वाऱ्याचा. तो साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तोही मंद. दुसरा मावळतीकडून येणाऱ्या वाऱ्याचा. तो उन्हाळ्यातल्या दुपारी उशिरा जोर धरतो आणि पावसाळाभर टिकतो.

पुणे-नाशिक रस्ता इथे ढोबळमानाने दक्षिणोत्तर जातो. त्यामुळे हिवाळ्यात त्याचा धूर पश्चिम बाजूच्या घरांकडे सरकतो, आणि उन्हाळा-पावसाळ्यात पूर्वेच्या घरांकडे. कल्याण-अहिल्यानगर रस्ता पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे वाहत्या वाऱ्याच्याच ओळीत. तिथे धूर आणि धूळ रस्त्यालगतच लांबवर पसरतात. मोठ्या रस्त्यापासून २००-३०० मीटर आत गेलं की गाड्यांच्या धुराचा जोर बराच कमी होतो. नवीन घर, बालवाडी किंवा दवाखाना बांधायचा असेल तर एवढं अंतर मिळतंय का ते आधी बघा. रस्त्याला लागून असलेली जागा दुकानाला सोयीची, झोपायच्या खोलीला नाही. घर आधीच रस्त्यावर असेल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं मागच्या खोलीत झोपतील एवढी मांडणी नक्की बदलता येते.

धुराकडे बघायला शिका

दुसरं काम रोजचं आहे आणि त्याला दोन मिनिटं पुरतात. सकाळी सहा-सातला, दहाला, दुपारी तीनला आणि रात्री आठला गच्चीवर जाऊन एखाद्या चुलीचा, बंबाचा किंवा भट्टीचा धूर बघा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला आणि पातळ पट्टा होऊन तिथेच तरंगत राहिला, तर समजा की वर उबदार हवेचं झाकण आहे आणि खालची हवा अडकली आहे. धूर डोलत, फुटत, वर जाऊन नाहीसा होत असेल तर हवा खेळती आहे. धूर जमिनीलगतच एका दिशेला जोरात ओढला जात असेल तर वारा आहे. त्या दिशेला कोण राहतं तेवढं लक्षात घ्या.

याच्या जोडीला दूरची एक खूण ठरवा. ज्यांच्या गच्चीवरून नारायणगड दिसतो त्यांनी तो धरावा, इतरांनी उत्तरेकडची डोंगराची कड. पावसानंतरच्या स्वच्छ दिवशी ती जशी दिसते ती तुमची मोजपट्टी. धुकं आणि धुरकं यांत गल्लत होऊ शकते, म्हणून दहा वाजता पुन्हा बघा. धुकं ऊन चढलं की उठतं आणि मागे स्वच्छ डोंगर सोडतं. धुरकट पडदा मात्र उन्हातही राहतो, आणि त्याला वास असतो.

पंधरा दिवस वहीत वेळ, धूर कसा होता, डोंगर किती दिसला आणि घरात कुणाला खोकला झाला एवढं लिहा. तुमच्या गल्लीपुरतं तुम्हाला जे कळेल ते पुण्यात बसलेल्या कुणालाही सांगता येणार नाही.

हिवाळा: खरी कसोटी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची आहे. आकाश निरभ्र, रात्र मोठी, वारा पडलेला. सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला हवेचं झाकण बसायला लागतं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, आणि जमीन तापून झाकण फुटायला साडेनऊ-दहा वाजतात. म्हणजे रोज चौदा-पंधरा तास गाव बंद हवेत असतं. मोकळी वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. सगळी मांडणी या वेळेभोवती करायची. नियम साधा ठेवा: ज्या जाळण्याला पर्याय आहे ते बंद, आणि ज्याला पर्याय नाही ते दहा ते पाचमध्ये.

घरापासून सुरुवात करू. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून अनेक घरांत बंबात किंवा न्हाणीबाहेरच्या चुलीवर तापतं, आणि तेही पहाटे पाच ते सातमध्ये, म्हणजे हवेच्या सगळ्यात वाईट वेळी. त्यात कांड्या, भुसा, पुठ्ठे जातात आणि हाताला लागलं म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुन्या चपला, ठिबकच्या तुटक्या नळ्यासुद्धा. प्लॅस्टिक आणि रबर बंबात घालणं आजच थांबवा. त्याच्या धुरात जे विष असतं ते आधी घरातल्याच माणसांच्या नाकात जातं. लाकूड घालायचंच असेल तर उन्हाळ्यात फोडून, आडोशाला रचून पूर्ण वाळवलेलं घाला. ओलं लाकूड दुप्पट धूर करतं आणि उष्णता कमी देतं. जमत असेल त्याने सौर बंब बसवावा. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, म्हणजे ज्या दिवसांत गरम पाणी सगळ्यात जास्त लागतं त्याच दिवसांत तो चांगला चालतो. आणि ज्याला शाळा-नोकरीची घाई नाही त्याने दहानंतर अंघोळ केली तर तेवढाच धूर पहाटेतून कमी होतो.

शेकोटीचंही तसंच. चौकात, एसटी थांब्यावर, बाजाराच्या फाटकाशी रात्रभर काम करणाऱ्या माणसाला थंडी वाजते. त्याला शेकोटी करू नको म्हणणं मला योग्य वाटत नाही. पण टायर आणि पुठ्ठ्याऐवजी वाळलेलं लाकूड मिळेल अशी सोय व्यापारी आणि बाजार समिती सहज करू शकतात.

पोलीस भरती आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे अंधारात महामार्गाच्या कडेने धावतात. धावताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा ओढतो, आणि ती हवा रात्रभराच्या डिझेलच्या धुराची असते. अपघाताची भीती वेगळीच. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: डिसेंबर-जानेवारीत धावण्याचा मुख्य सराव दुपारी चार ते साडेपाचमध्ये घ्या. पहाटेच जमणार असेल तर रस्त्यापासून आत, शेतातल्या कच्च्या वाटेवर किंवा उंचवट्यावरच्या मैदानावर धावा. अकादमी चालवणाऱ्यांनी वेळापत्रक बदललं तर हे एका दिवसात होईल. शाळांनी खेळाचा तास दुपारच्या सत्रात ठेवावा, आणि रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी बंद ठेवून दहानंतर सगळ्या उघडाव्यात.

आता पाचट. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत उसाचा पट्टा मोठा आहे आणि गळीत हंगाम नेमका थंडीत चालतो. तोड झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी लावायची ही सवय. संध्याकाळ निवडण्यामागे कारण असतं: वारा पडलेला असतो, आग शेजारच्या उसात जात नाही. पण पडलेला वारा म्हणजेच न उठणारा धूर. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. ते एका संध्याकाळी जळतं तेव्हा सगळं शिवार आणि त्याच्या उताराला असलेली वस्ती सकाळपर्यंत त्या धुरात असते. फडाजवळच्या कोप्यांत राहणारी ऊसतोड कामगारांची तान्ही मुलंही त्यातच असतात, आणि त्यांना आत जाऊन दार लावून घ्यायला घर नसतं.

खोडवा ठेवणार असाल तर पाचट रानातच कुजवा. तोड झाल्यावर बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, म्हणजे फुटवा चांगला येतो. पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत सारखं पसरा. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन या प्रमाणात टाका. जिवाणू शेणखतात मिसळून घेतले तर सगळीकडे पोचतात. मग पाणी द्या, आणि पाचट पायाने किंवा अवजाराने मातीला टेकेल असं दाबा. सुरुवातीला पाणी पुढे सरकायला त्रास होतो हे खरं आहे. ठिबक असेल तर तोही राहत नाही. पुढे ओल टिकते, तण दबतं, आणि आपल्या कोरड्या पट्ट्यात एक-दोन पाळ्या वाचणं ही लहान गोष्ट नाही. खोडवा ठेवायचा नसेल तर कुट्टी यंत्र फिरवून पाचट गाडा. यंत्र एकट्याला परवडत नाही, म्हणून चार-पाच शेजाऱ्यांनी तोडीच्या तारखा बघून मिळून भाड्याने आणावं. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पहिल्या वेळी तिथल्या शास्त्रज्ञांना विचारून सुरुवात केली तर मन घट्ट राहतं.

टोमॅटोच्या रानात आणखी एक गोष्ट जळते, ती म्हणजे मल्चिंग पेपर. पीक संपलं की वेली, सुतळी आणि पेपर एकत्र गोळा करून बांधावर पेटवतात. वेली वेगळ्या करा, त्या कुजतात. पेपर दुपारच्या उन्हात वाळवा, झटकून माती काढा, गुंडाळून ठेवा आणि भंगारवाल्याला द्या. मातीने भरलेला पेपर तो घेत नाही, म्हणून झटकण्याचा कंटाळा करू नका.

द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी करणाऱ्यांनीही धुराची परीक्षा वापरावी. पहाटे धूर आडवा तरंगत असेल तर औषधाचे बारीक थेंबही तसेच तरंगतात आणि उताराने वस्तीकडे जातात. हलका, एका दिशेचा आणि घरापासून दूर जाणारा वारा सुरू झाल्यावरच फवारा.

कांद्याचा बाजार

जुन्नर बाजार समितीचा आळेफाटा उपबाजार कांद्यासाठी दूरवर ओळखला जातो. लिलावाच्या दिवशी आवारात कांद्याच्या पापुद्र्यांची बारीक धूळ, मातीची धूळ आणि रांगेत उभ्या गाड्यांचा धूर एकत्र होतो. तिथे दिवसभर वाकून काम करतात ते हमाल आणि कांदा निवडणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी तीन गोष्टी लगेच करता येतात. रांगेत थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद. आवार झाडायचं ते पहाटे कोरडं झाडू नये. पाणी शिंपडून, दहानंतर झाडावं. आणि पापुद्रे, सडका कांदा आवाराच्या कडेला पेटवण्याऐवजी खड्ड्यात खतासाठी टाकावा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर मोठी धूळ अडवतो, धुरातले बारीक कण अडवत नाही. त्यासाठी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. तो देणं ही ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांची जबाबदारी आहे असं मी मानतो.

उन्हाळ्यातली धूळ

मार्चपासून चित्र बदलतं. जमीन तापते, दुपारी हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, धूर टिकत नाही. आता त्रास धुळीचा. नांगरून पडलेली रानं, रस्त्याच्या साइडपट्ट्या, खडी-मुरमाचे डंपर, दुपारच्या वावटळी, आणि वळवाच्या आधी येणारं वादळ. उन्हाळ्यात घर पहाटे आणि सकाळी उघडा. दुपारी तीन ते सहा पश्चिमेकडची दारं-खिडक्या लावून घ्या. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. नांगरट हलकी ओल असताना करा, आणि बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा बांबूची ओळ मावळतीच्या बाजूला लावा. शाळेचं मैदान रस्त्याला लागून असेल तर तिथेही जमिनीपासून दाट वाढणारी ओळ हवी. खाली नुसतं खोड आणि वर छत्री असलेलं झाड सावली देतं, धूळ अडवत नाही.

बांधकाम काढलेल्यांनी वाळू-मुरमाच्या ढिगावर ताडपत्री टाकावी आणि दिवसातून दोनदा पाणी मारावं. डंपरवर ताडपत्री नसेल तर बोलायला लाजू नका.

कधीकधी भर दुपारी, चांगला वारा असतानाही डोंगर फिका पडतो. अशा वेळी कारण गावात शोधू नका. २३ जानेवारी २०२२ रोजी कराचीच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचं आकाश मातकट केलं होतं. दूरवरून येणं ही हवेची जुनी रीत आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच पडलेला आहे. आळेफाट्याजवळच्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर उघडा दिसतो. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, पण समुद्र ओलांडून ती वाऱ्याने आली याबद्दल नाहीत. आंधीच्या दिवशी एवढंच करायचं: दारं बंद, बाहेरची कष्टाची कामं पुढे ढकलायची, दमेकऱ्यांनी घरात थांबायचं.

पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस

जून ते सप्टेंबर मावळतीचा वारा आणि सरी बाहेरची हवा धुऊन काढतात. या काळात दूषित हवा घरात असते. ओल्या सरपणाची चूल, बंद दारं, भिंतीची ओल आणि बुरशी, गोठ्यात माश्या-डासांसाठी केलेला धूर. बंद स्वयंपाकघरात चुलीजवळ बारीक कणांचं प्रमाण महामार्गाच्या कडेपेक्षा जास्त असू शकतं. चुलीवर भाकरी करायचीच असेल तर पडवीत करा, किंवा चुलीच्या वर छपराला धुराडं काढा. तान्हं मूल आणि गरोदर बाई चुलीजवळ बसणार नाहीत हे घरातल्या पुरुषांनीही बघायचं. गोठ्याला धुराऐवजी जाळी लावा. उघडीप मिळाली की सगळी दारं-खिडक्या सताड उघडा.

ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की आठवडा-दोन आठवडे हवा सुंदर असते, म्हणून कुणाचं लक्ष नसतं. पण वारा फिरतो तो तेव्हाच. दिवाळीचे फटाके, खरिपाची मळणी आणि पहिली थंडी एकत्र येतात. मळणी यंत्र घराच्या उगवतीला लावू नका. त्याचा भुसा थेट ओटीवर येतो.

कुणी जास्त जपायचं

दमा, जुना खोकला, हृदयविकार असलेले, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, साठीपुढची माणसं, आणि रात्रीच्या पाळीचे हमाल, चालक, टपरीवाले. यांनी डिसेंबर येण्याआधीच डॉक्टरांना भेटून औषधं नीट करून घ्यावीत. श्वासावाटे औषध घ्यायचा पंप लागला म्हणजे आजार वाढला असं नाही. पंपातलं औषध थोडं असतं आणि थेट फुप्फुसात जातं. तो बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. बोलताना वाक्य पूर्ण न होणं, ओठ निळसर पडणं, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासाबरोबर आत ओढली जाणं, यातलं काहीही दिसलं तर वाफारा-काढ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आकडे हवेत तर

सरकारी मापनकेंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. फोनवर आळेफाटा टाकला तर आकडा दिसतो. तो बहुतेक वेळा उपग्रह आणि गणिताच्या आधारे काढलेला मोठ्या प्रदेशाचा अंदाज असतो. तुमच्या गल्लीतली शेकोटी त्याला दिसत नाही. शाळेने किंवा तरुण मंडळाने लेझरवर चालणारं छोटं कणमापक घेतलं तर फार उपयोग होईल. ते माणसाच्या उंचीच्या थोडं वर, सावलीत, पावसापासून आडोशाला, चुलीपासून आणि रस्त्यापासून दूर लावा. दाट धुक्यात अशी यंत्रं पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात, त्यामुळे पहाटेच्या धुक्यातला आकडा फुगलेला असतो. तो खोडायचा नाही. शेजारी फक्त ‘धुकं’ असं लिहायचं.

बघायचा तो पीएम २.५, म्हणजे बारीक कणांचा आकडा. भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात ३० पर्यंत चांगली, ६० पर्यंत समाधानकारक, ९० पर्यंत मध्यम, १२० पर्यंत वाईट आणि २५० पर्यंत अतिवाईट हवा मानतात. हा सगळा हिशोब चोवीस तासांचा आहे. सकाळी सातला १५० दिसलं म्हणून घाबरायचं नाही आणि दुपारी तीनला २० दिसलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. दोन्ही आकड्यांमधला फरक शाळेच्या फळ्यावर रोज लिहा. वेळ बदलण्याचं महत्त्व पालकांना त्यातून कुणी न सांगता समजेल.

ग्रामसभेत काय मांडायचं

फाट्याची वस्ती आळे आणि वडगाव आनंद या दोन गावांच्या शिवारात पसरली आहे. धुराला शीव कळत नाही, म्हणून दोन्ही ग्रामपंचायतींत एकच मागणी एकाच वेळी जायला हवी. वहीतल्या नोंदी आणि नकाशा बरोबर घ्या. ‘प्रदूषण फार झालंय’ या वाक्यावर ठराव होत नाही.

मागणी थोडी आणि नेमकी ठेवा. कचरा उघड्यावर पेटवणं बंद. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये यासाठी साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे. पण दंडाआधी ओला-सुका कचरा रोज उचलण्याची सोय मागा, कारण ती नसेल तर दुकानदार रात्री काडी लावणारच. रस्ता झाडणं आणि साइडपट्टीची माती उचलणं दिवसा, पाणी मारून. क्रशर आणि वीटभट्ट्या असतील तिथे थंडीच्या चार महिन्यांत संध्याकाळी पाचनंतर धूळ-धुराची कामं थांबवण्याची विनंती, आणि ऐकलं नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारखेनिशी लेखी तक्रार. चौकात गाड्या खोळंबणार नाहीत अशी वाहतुकीची शिस्त, कारण थांबून चालू राहणारी इंजिनं धावत्या गाड्यांपेक्षा चौकाचं जास्त नुकसान करतात.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. जानेवारीत विषय काढला तर थंडी निम्म्याहून जास्त सरलेली असते आणि मे महिन्यात कुणाला धूर आठवत नाही. १५ ऑगस्टला विषय मांडा, कचऱ्याच्या गाडीचा खर्च आणि बाजाराशी बोलणी तेवढ्यात करून घ्या, आणि २ ऑक्टोबरला ठराव लिहून घ्या, म्हणजे पहिल्या तोडीच्या आधी तो दोन्ही गावांच्या फलकावर लागलेला असेल.